ख्रिस्ती महाविद्यालयातलं प्राध्यापकांचं नेतृत्व आणि श्रद्धेशी जोडलेलं प्रशिक्षण : नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही काही प्राध्यापक शरणपूर रोडजवळ एकत्र बसतो. कुणी ख्रिस्ती संस्थेच्या महाविद्यालयात शिकवतं, कुणी शिकवून निवृत्त झालंय (मी त्यातलाच), तर कुणी नुकतंच रुजू होऊन पहिला धक्का पचवत असतं. "सर, पहिल्याच दिवशी स्टाफ मीटिंगच्या आधी प्रार्थना झाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी काय करायला हवं होतं?" हा प्रश्न दर वर्षी जूनमध्ये येतोच. बाकीचेही फिरून फिरून येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मतं माझी आहेत. गटातले दोघं-तिघं काही मुद्द्यांवर माझ्याशी भांडतात, आणि ते बरंच आहे.

नाशिकमध्ये ख्रिस्ती विद्यापीठच नाही. मग हा विषय इथे कशाला?

नाही, हे खरं. इथे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे (१९८९), महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे (१९९८), आणि बहुतेक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. पण नाशिकची माणसं नोकरीला सगळीकडे जातात. मुंबईचं विल्सन (१८३२) आणि सेंट झेवियर्स (१८६९), नागपूरचं हिस्लॉप (१८८३), नगरचं अहमदनगर कॉलेज (१९४७) ही महाराष्ट्रातली जुनी ख्रिस्ती महाविद्यालयं. बेंगळुरूच्या क्राइस्टला २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तिथेही आपल्याकडची मंडळी शिकवतात. शिवाय शाळा आणि नर्सिंगची महाविद्यालयं धरली तर ख्रिस्ती संस्थेत पगार घेणारे शिक्षक नाशिकच्या गल्लीगल्लीत सापडतील. त्यातले पुष्कळ ख्रिस्ती नाहीत.

श्रद्धेशी जोडलेलं प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय? बायबलचा वर्ग का?

तसं असतं तर त्यासाठी रविवारची उपासना होतीच.

साधं सांगायचं तर, आपण जे शिकवतो, जसे गुण देतो, जसा वर्ग सांभाळतो, त्याचा आपल्या श्रद्धेशी काय संबंध आहे हे सहकाऱ्यांसोबत बसून तपासणं. अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांत यावर बराच खल झालाय. तिथे अनेक ठिकाणी प्राध्यापकाला कायम करण्याआधी त्याच्याकडून एक दीर्घ निबंध मागतात : तुझी श्रद्धा आणि तुझा विषय यांची सांगड तू कशी घालतोस? रसायनशास्त्राच्या माणसानेही तो लिहायचा. कॅथलिक विद्यापीठांसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली एक सविस्तर फर्मानच काढलं होतं. येशूसंघीयांची (म्हणजे जेझुइट फादरांची) परंपरा तर १५९९ पासूनची, त्या वर्षी त्यांनी आपल्या सगळ्या शाळा-महाविद्यालयांसाठी अभ्यासाचा एकच आराखडा पक्का केला.

आपल्याकडे मात्र याचं एक पातळ रूप रूढ झालंय. सेमिनारच्या आधी दोन मिनिटं प्रार्थना, दीपप्रज्वलनाऐवजी मेणबत्ती, मग तोच पॉवरपॉइंट, तोच पाहुणा, तेच प्रमाणपत्र. मी स्वतः असे कितीतरी कार्यक्रम घडवून आणलेत, त्यामुळे हे बोलायचा मला अधिकार आहे. मेणबत्तीने प्रशिक्षण ख्रिस्ती होत नाही. ते कशाने होतं, हे खाली बैठकीबद्दलच्या प्रश्नात सांगितलंय.

मी ख्रिस्ती नाही. मला प्रार्थनेला बसावंच लागेल का?

नाही.

राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाचं तिसरं कलम सांगतं की शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. हे फक्त विद्यार्थ्यांसाठी, असं पूर्वी कुणीकुणी म्हणायचं. पण २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात आपल्या नाशिकच्याच एका माध्यमिक शिक्षकाचं प्रकरण गेलं. शाळा ख्रिस्ती नव्हती. प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. न्यायालयाने शिक्षकाची बाजू उचलून धरली आणि अशी सक्ती मूलभूत हक्कावर घाला घालते असं म्हटलं. नाशिकच्या प्रत्येक संस्थाचालकाने हा निकाल टेबलाच्या काचेखाली ठेवावा असं माझं मत आहे, मग संस्था कुठल्याही धर्माची असो.

आता यातली अवघड गोष्ट. कागदावर संमती असणं आणि मनात असणं यात फरक आहे. परिविक्षाधीन शिक्षिका, वर्षभराने कायम व्हायचंय, समोर फादर बसलेत, आणि कुणीतरी गोड आवाजात म्हणतं, "मॅडम, तुमची काही हरकत नाही ना?" ती काय म्हणणार? म्हणून आमचा आग्रह असा की प्रार्थना असेल तर ती बैठकीच्या वेळेआधी ठेवा, बैठकीची नोटीस तिच्यानंतरच्या वेळेची काढा, आणि प्रार्थनेला हजेरीपट कधीही फिरवू नका. ज्याला यायचंय तो दहा मिनिटं आधी येईल. गटातल्या एका पाळकसाहेबांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते प्रार्थना बैठकीच्या आत असली की बैठकीचा सूर बदलतो. बदलतो, हे मलाही मान्य आहे. तरीही वेळ वेगळीच हवी.

या प्रशिक्षणाचा कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेसाठी, उपयोग होतो का?

सहसा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी २१ दिवसांचा ओरिएंटेशन अभ्यासक्रम आणि पुढे दोन आठवड्यांचे रिफ्रेशर वगैरे मोजले जातात. संस्थेच्या तपसाधनेचे (प्रार्थना-चिंतनाच्या शिबिराचे) तीन दिवस त्यात बसत नाहीत. पदोन्नतीची फाईल जाड करायची असेल तर मदन मोहन मालवीय यांच्या नावाने चालणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांकडे जा. पूर्वीची एचआरडी केंद्रं ती हीच, २०२३ मध्ये नाव बदललं. आमच्याकडे येऊन प्रमाणपत्र मागू नका, आम्ही देत नाही.

नॅकला, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, हे दाखवता येईल?

येईल. त्यांच्या सात निकषांच्या पद्धतीत सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचाच आहे, आणि सातवा संस्थेच्या मूल्यांचा. पण फोटोसाठी बैठक घ्यायची पाळी आली तर बैठक घेऊच नये.

नेतृत्व म्हणजे शेवटी प्राचार्यपदच ना?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. प्राचार्य एकच होणार. उरलेल्या साठ-सत्तर जणांनी काय करायचं?

महाविद्यालयात खरी सत्ता कुठे असते ते बघा. वेळापत्रक करणारा प्राध्यापक ठरवतो की तासिका तत्त्वावरच्या मुलीला सकाळी साडेसातचा आणि दुपारी दोनचा तास द्यायचा, म्हणजे मधले पाच तास ती स्टाफ रूममध्ये बसून. परीक्षा विभागाचा माणूस ठरवतो की पर्यवेक्षणाची यादी कुणाच्या सोयीने लावायची. विभागप्रमुख ठरवतो की नव्या माणसाला तृतीय वर्षाचा पेपर मिळेल की आयुष्यभर प्रथम वर्षच. यातल्या एकाही गोष्टीला नियुक्तिपत्रात नेतृत्व म्हटलेलं नसतं, पण एखाद्याचं आयुष्य सोपं किंवा अवघड होतं ते याच टेबलांवर.

'सेवक नेतृत्व' हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. तो रुजवला रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन माणसाने १९७० साली. टेलिफोन कंपनीत आयुष्य घालवलेला व्यवस्थापनाचा माणूस, पंथाने क्वेकर. गंमत अशी की ही कल्पना आपल्याला एका कादंबरीतल्या नोकराच्या पात्रावरून सुचली असं तो सांगायचा. बायबलमध्ये ती आधीपासून आहेच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र संकोचाने नको नको म्हणतो. मला त्या प्रसंगात पेत्राचा संकोच जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे वरिष्ठाने कनिष्ठासाठी काही केलं की कनिष्ठच अवघडतो. मी विभागप्रमुख असताना एकदा नव्या सरांची उत्तरपत्रिकांची गठडी उचलून दिली, तर शिपाई धावत आला, सर ओशाळले आणि दुसऱ्या दिवशी "साहेबांना झालंय काय?" अशी चर्चा झाली. तेव्हा कळलं की गठडी उचलणं हा देखावा होता. त्या सरांना हवं होतं ते वेगळंच : त्यांचे तपासणीचे पेपर जरा कमी करायला हवे होते, आणि ते माझ्या हातात होतं.

तासिका तत्त्वावर असलेल्यांनी यात का यावं? आमच्या नोकरीचाच पत्ता नाही.

रास्त प्रश्न आहे, आणि याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. जिथे मानधन तासांवर मोजलं जातं आणि दर जूनला नव्याने मुलाखत द्यावी लागते, तिथे 'बोलावणं' (देवाने या कामाला बोलावलंय, या अर्थाने) आणि 'सेवाभाव' हे शब्द कानाला टोचतात. संस्थेने कमी पैशांत जास्त काम काढून घेण्यासाठी सेवेची भाषा वापरली तर तो श्रद्धेचा गैरवापर आहे, हे आम्ही बैठकीत उघड बोलतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या माणसांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. तो समजावून सांगावा लागतो तो व्यवस्थापन मंडळाला.

करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. बैठकीला बोलावलं तर त्या तासांचं मानधन द्या. आणि बैठकीत त्यांना आधी बोलू द्या, कारण कायमस्वरूपी माणसं एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. माझ्यासकट.

तुमच्या बैठकीत होतं काय?

आम्ही येशूसंघीयांची पद्धत उचललीय. १९९३ मध्ये त्यांनी शिकवण्याची एक पाच टप्प्यांची चौकट मांडली : संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. ऐकायला कोरडी वाटते, म्हणून एक खरा दाखला देतो, फक्त ओळख पुसून.

एका प्राध्यापिकेचा विद्यार्थी ऑक्टोबरभर गैरहजर. अंतर्गत परीक्षा बुडाली. नियमाप्रमाणे शून्य. त्या म्हणाल्या, "सर, नियम सगळ्यांना सारखा नको का?"

पहिला टप्पा संदर्भ. मुलगा पेठ तालुक्यातला. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षांच्या गोडी छाटणीचा, फळासाठी वेली छाटायचा महिना. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं तेव्हा दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतात. मुलगा छाटणीच्या टोळीत होता. हे वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत होतं, बाईंना नव्हतं.

दुसरा, अनुभव. प्रत्येकाने अशीच एखादी आठवण सांगायची. एक सर म्हणाले की ते स्वतः सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून शिकले आणि सकाळच्या तासाला झोपायचे. एका मास्तरांनी त्यांना उठवायचं सोडून दिलं होतं, म्हणून ते पदवीधर झाले. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "आणि माझ्या वर्गात अशीच सबब सांगणारा मुलगा दिवसभर कॉलेज रोडला हिंडत होता." दोन्ही खरं.

मग चिंतन, म्हणजे दहा मिनिटं चक्क शांतता. ज्यांना प्रार्थना करायची ते करतात, बाकीचे खिडकीबाहेर बघतात. कृती अशी ठरली की मुलाला शून्य नाही आणि फुकटचे गुणही नाहीत. अर्थशास्त्राचा पेपर होता. छाटणीच्या टोळीत मजुरी कशी ठरते, मुकादम किती ठेवून घेतो, उचल कशी फिटते, यावर त्याने दहा पानं लिहून आणायची. विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घेतली, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. पाचवा टप्पा पुढच्या महिन्यात, जे केलं ते बरोबर होतं का ते बघायचं. त्या दहा पानांत पाठ्यपुस्तकात नसलेल्या गोष्टी होत्या, आणि त्या प्राध्यापिकांनी परवानगी घेऊन त्यातलं एक पान पुढच्या वर्गाला वाचून दाखवलं.

श्रद्धेशी जोडलेलं प्रशिक्षण मी याला म्हणतो. त्यात बायबलचं पान एकदाही उघडलं गेलं नव्हतं.

अमेरिकेतलं मॉडेल इथे जसंच्या तसं चालेल?

नाही चालणार. तिथल्या अनेक ख्रिस्ती विद्यापीठांत शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाला श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते, आणि विद्यार्थीही बहुतांशी त्याच घरांतले असतात. आपल्याकडे वर्गात सत्तर मुलांमागे ख्रिस्ती चार-पाच, कधी एकही नाही. प्राध्यापक नेट-सेट होऊन निवड समितीपुढून येतात. इथली ख्रिस्ती महाविद्यालयं पहिल्यापासून इतरांसोबत राहायला शिकलीत, आणि ते तिकडच्यांनी आपल्याकडून शिकावं असं मला वाटतं. निबंधाची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. पाचेक वर्षांतून एकदा प्रत्येकाने, कुठल्याही धर्माचा असो वा नसो, 'मी हा विषय का शिकवतो' यावर चार पानं लिहावीत. वाचायची फक्त आपण निवडलेल्या एका सहकाऱ्याने. प्रशासनाने नाही.

प्राचार्य निवडताना संस्था सेवाज्येष्ठता डावलू शकते का?

अल्पसंख्याक संस्था असेल तर, हो. घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. केरळमधल्या एका महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केलं की अर्हता पुरी करणाऱ्यांमधून प्राचार्य निवडायचं स्वातंत्र्य संस्थेला आहे, सर्वांत ज्येष्ठालाच घ्या असं सरकार म्हणू शकत नाही. अर्हता मात्र सुटत नाही : पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, संशोधनाचे गुण, सगळं लागतं. मुदत पाच वर्षांची, पुढे आढावा घेऊन आणखी एकदा.

पण १९५८ पासून न्यायालय हेही सांगत आलंय की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. फादरांना किंवा बिशपांना जवळचा म्हणून कुणी खुर्चीत बसला तर कायद्याने कदाचित निभेल, स्टाफ रूममध्ये निभत नाही. मी काम केलेल्या एका महाविद्यालयात असं झालं होतं. दोन वर्षं कुणी प्राचार्यांच्या केबिनमध्ये स्वतःहून पाऊल टाकलं नाही. बिचारे एकटेच डबा खायचे. माणूस वाईट नव्हता.

प्रशिक्षण कुठल्या भाषेत असावं?

मराठीत. महाविद्यालय इंग्रजी माध्यमाचं असलं तरी.

माणूस इंग्रजीत अहवाल देतो आणि मराठीत कबुली देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. ख्रिस्ती भक्ती त्यांनी अभंगात आणि कीर्तनात आणली आणि १९१७ साली 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा सुरू केला, तो इथल्या मातीतल्या रीतीने. त्यांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या मराठीत एक वाक्यही उसनं वाटत नाही. आणि आपण मात्र स्टाफसमोर 'लेट अस रिफ्लेक्ट' म्हणतो आणि सगळे घड्याळाकडे बघतात.

शरणपूरचा इतिहास तुम्ही प्रत्येक बैठकीत का काढता?

कारण आपण त्याच्याच दाराशी बसतो. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती उभी केली. पुढे समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आली, अक्षरं शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतल्याच जेकब वेनराइटने १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली, आणि पुढच्या वर्षी तो शवपेटीसोबत लंडनपर्यंत गेला. नाशिकला शिकलेला मुलगा! आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशा मुलांना 'नाशिकची पोरं' म्हणत.

मी ही गोष्ट अभिमानासाठी सांगत नाही. त्या मुलांची मूळ नावं गेली, भाषा गेली, नवी नावं दुसऱ्यांनी ठेवली. आश्रय मिळाला आणि स्वतःचं काही हिरावलंही गेलं, दोन्ही एकाच शाळेत. पेठचा मुलगा वर्गात येतो तेव्हा त्याची कोकणा बोली आपण दाराबाहेर काढून ठेवायला सांगतो का, हा प्रश्न मला तिथून सुचतो.

फी किती? किती वेळ लागतो?

फी नाही. चहाचे पैसे आळीपाळीने. दोन तास म्हणतो, अडीच होतात. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेच्या शनिवारी बैठक नसते, कारण निम्मे जण तिथे असतात आणि उरलेले रहदारीत.

पहिल्यांदा येताना काय आणू?

तुम्ही तपासलेली एक उत्तरपत्रिका, नाव आणि क्रमांक झाकून. ज्यात दिलेले गुण अजून तुमच्या मनातून जात नाहीत, ती आणा.